वाचक विचारतात : जुन्या मोटारीचा गिअरबॉक्स आणि त्यातले तेल

पावसाळा सरला की जुन्या गाड्यांवरची ताडपत्री निघते आणि गिअरबॉक्सची गाऱ्हाणी सुरू होतात. या अंकात फक्त १९४० पूर्वीच्या गाड्यांविषयीचे प्रश्न घेतले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच चूक दिसते : पेटी एका काळातली आणि तेल दुसऱ्या काळातले.

प्रश्न (फोंडा) : माझी गाडी १९२० च्या दशकातली, ब्रिटिश बनावटीची आहे. मेस्त्रीने गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचे जीएल-५ तेल घातले आणि 'याहून भारी तेल मिळत नाही' असे सांगितले. मित्र म्हणतो, आतले ब्राँझचे बुश (शाफ्ट ज्यांत टेकून फिरतो त्या नळ्या) खलास होतील. खरे कोणाचे?

मित्राचे. आधी एक घोळ दूर करू. 'नव्वद' हा आकडा तेलाची फक्त जाडी सांगतो. 'जीएल-५' हे त्यात मिसळलेल्या द्रव्यांबद्दल सांगते. मेस्त्रीच्या तोंडी दोन्ही एकत्र येतात आणि तिथेच गफलत होते.

पॅकार्डने १९२६ मध्ये मागच्या अ‍ॅक्सलला हायपॉइड गिअर बसवले. त्यात पिनिअनची (जोर देणाऱ्या छोट्या चाकाची) मध्यरेषा क्राउनच्या (अ‍ॅक्सलवरच्या मोठ्या चाकाच्या) मध्यरेषेखाली असते, म्हणून दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घासतही जातात. त्या घासण्यात साधे खनिज तेल पिळून बाहेर जाते आणि पोलादाला पोलाद लागते. त्यावर उपाय म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घातलेली तेले आली. दात तापला की ही संयुगे पोलादावर रासायनिक थर धरतात आणि धातू वाचतो. जीएल-५ हे या कुळातले जहाल तेल. तुमच्या पेटीत मात्र हायपॉइड काहीच नाही. सरळ दातांची चाके, शाफ्ट आणि फॉस्फर ब्राँझचे बुश, एवढाच कारभार. ज्या रोगाचे हे औषध, तो रोगच तिथे नाही.

अपाय मात्र होऊ शकतो. गंधक क्रियाशील असेल तर तापलेल्या अवस्थेत ते तांब्याच्या मिश्रधातूवर काळा थर चढवते, तो थर घासून निघतो, पुन्हा नवा चढतो, आणि बुश असा थराथराने झिजत जातो. आजची काही जीएल-५ तेले पिवळ्या धातूला, म्हणजे पितळ-ब्राँझला, सुरक्षित असल्याचे सांगतात. तसे असेल तर विक्रेत्याकडे तांब्याच्या पट्टीच्या चाचणीचा निकाल मागा. घासून चकचकीत केलेली पट्टी १२१ अंश सेल्सिअसच्या तेलात ३ तास ठेवतात आणि तिचा रंग १ ते ४ अशा श्रेणीत मोजतात. १ए किंवा १बी असेल तर ठीक, निकाल सांगता येत नसेल तर डबा परत करा. घरी बरणीत तांब्याची तार बुडवून ठेवण्यात अर्थ नाही. ही क्रिया उष्णतेत होते, थंड तेलात तार महिनाभरही चमकत राहू शकते आणि तुमची फसगत होईल.

मग घालायचे काय? पहिली पसंती जीएल-१ प्रतीचे साधे खनिज गिअर तेल, एकशेचाळीस नंबर. ते मिळाले नाही तर जीएल-४. त्यात ही द्रव्ये जीएल-५ च्या साधारण निम्मी असतात. जुन्या हँडबुकात उन्हाळ्यासाठी जाड आणि हिवाळ्यासाठी पातळ असे दोन रकाने असतील तर गोव्यात बारा महिने उन्हाळ्याचाच रकाना धरा. युरोपातली थंडी आपल्याकडे पहाटेलाही पडत नाही. हँडबुकात 'इंजिन ऑइल' लिहिले असेल तर मुकाट्याने तेच घाला. गिअर तेलाचे आणि इंजिन तेलाचे नंबर वेगवेगळ्या मापाचे आहेत. नव्वद नंबरचे गिअर तेल प्रत्यक्षात चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन तेलाइतकेच जाड असते.

आता घातलेले तेल गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून गरम असतानाच काढा. पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात धरा. सोनेरी चमक तरंगत असेल तर बुशची झीज सुरू झाली आहे. ड्रेन प्लगला चिकटलेली काळी लुकण ही पोलादाची, ती थोडी असायचीच. टोकदार कपचे निघाले तर मात्र झाकण उघडावे लागेल.

प्रश्न (डिचोली) : गिअरबॉक्स मागच्या बाजूने गळतो. रात्रभरात खाली बशीएवढा डाग पडतो. बाहेरून सिलिकॉन भरले, तरी थांबत नाही. व्हील बेअरिंगचे ग्रीस भरले तर चालेल का?

ग्रीस भरू नका. का, ते आधी सांगतो. चाकाचे दात जाड ग्रीसमध्ये फिरले की ते ग्रीस बाजूला सारून स्वतःपुरती वाट कोरतात. तेल असते तर ते लगेच वाहून त्या वाटेत परत आले असते, ग्रीस येत नाही. पेटी गच्च भरलेली आणि दात कोरडे, अशी ती अवस्था. गळती बंद होते, हे खरे. काही निर्मात्यांनी सुरुवातीच्या पेट्यांसाठी पातळ ग्रीस सांगितले होते, पण ते आजच्या ०० किंवा ००० प्रतीसारखे ओघळणारे. तुमच्या हँडबुकात तसे असेल तरच ते वापरा.

गळतीचा शोध तेलाच्या पातळीपासून सुरू करा. त्या काळच्या बहुतेक पेट्यांत आजच्यासारखे रबरी ओठाचे ऑइल सील नसत. शाफ्ट बाहेर पडतो तिथे नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) कडे, तेल फेकणारी चकती, किंवा शाफ्टवर कोरलेली उथळ चक्री आटी, एवढाच बंदोबस्त. म्हणजे उभ्या गाडीत तेलाची पातळी त्या भोकाच्या खालच्या कडेच्या वर गेली तर गळती होणारच, ती बिघाड नव्हे. लेव्हल प्लग नसेल आणि खालचा शाफ्ट तळाशी असेल तर साधारण त्या शाफ्टच्या मध्यापर्यंत तेल पुरते. खालची चाके बुडतात आणि वरच्यांवर शिंतोडा उडवतात. 'अजून थोडे असू दे' म्हणून अर्धा लिटर जास्त ओतणे हे गळतीचे सगळ्यात मोठे कारण. जास्तीचे तेल नुसते घुसळले जाते, तापते, पातळ होते आणि मग आणखी गळते.

पातळी बरोबर असेल तर श्वासनळी पाहा. पेटीच्या झाकणावर बारीक भोक किंवा टोपी असते. ती रंगाने किंवा चिखलाने बुजली तर आतली हवा तापून दाब धरते आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलते. नव्याने रंगवलेल्या गाड्यांत हे हमखास. तारेने भोक साफ करा, अर्ध्या गळत्या इथेच संपतात.

नमदा बदलायचा तर लोकरीचा, घट्ट दाबलेला घ्या. कापडाची चिंधी किंवा फोम चालत नाही. कोमट तेलात रात्रभर भिजवा, निथळू द्या, मग खाचेत बसवा. टोके तिरकी कापा आणि सांधा वरच्या बाजूला ठेवा. शाफ्टवर आटी असेल तर तिची दिशा तपासा. गाडी पुढे जाताना तेल पेटीच्या आत ढकलले गेले पाहिजे. टर्नरने नवा शाफ्ट करताना आटी उलट हाताची पाडली तर तोच शाफ्ट पंप होऊन तेल बाहेर काढतो, आणि दहा नमदे बदलले तरी काही होत नाही.

सिलिकॉन बाहेरून लावून उपयोग नाही, आतून लावणे तर त्याहून वाईट. आवळताना आत पिळून आलेला गोळा सुटतो आणि बुशच्या तेलाच्या भोकात जाऊन बसतो. पॅकिंग पेपरच वापरा, आणि जाडी मूळचीच ठेवा. कारण कित्येक पेट्यांत टोकाची झाकणे बेअरिंगला जागेवर धरून ठेवतात. पाव मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरचे पॅकिंग घातले की बेअरिंगला पाऊण मिलिमीटर मागेपुढे व्हायला जागा मिळते. गळती थांबते आणि गिअर सटकू लागतो. याच अंकात खाली वास्कोच्या वाचकांचा प्रश्न आहे, तोही वाचा.

आधुनिक ऑइल सील बसवायचेच असेल तर मूळ झाकण बोअर करू नका. लेथवर नवे झाकण करून घ्या आणि जुने तेलकट कागदात गुंडाळून जपून ठेवा. सील जिथे बसेल तिथे शाफ्टला चरा असेल तर सील आठवडाभरही टिकणार नाही. आधी शाफ्टवर धातूची पातळ बाही (स्लीव्ह) चढवा.

एवढे करूनही महिन्याला चमचाभर तेल खाली पडले तर पत्र्याचा ट्रे ठेवा आणि सोडून द्या. ती पेटी बनली तेव्हाही गळत होती.

प्रश्न (म्हापसा) : पर्वरीची चढण चढताना खालचा गिअर टाकला की कर्र आवाज येतो. सपाटीवर वरचा गिअर टाकतानाही कधी पडतो, कधी नाही. सकाळी चांगला पडतो, दुपारी नाही. क्लच नवा आहे.

तुमच्या पेटीत सिंक्रोमेश नाही. ती सोय कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली, त्याआधी गिअरच्या दोन चाकांचा वेग जुळवणे हे चालकाचे काम होते. आवाज येतो याचा अर्थ दातांच्या टोकांना धडक बसते आहे. पोलादावर कडकपणाचा पातळ थर असतो, तो एकदा टोकाला तुटला की दात झपाट्याने खातो.

वरचा गिअर टाकताना : क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, थोडे थांबा, पुन्हा क्लच दाबा, गिअर टाका. थांबण्याच्या वेळात इंजिनाचा वेग उतरतो आणि त्याच्यासोबत खालचा शाफ्टही मंदावतो. खालचा गिअर टाकताना उलटे : न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून शाफ्टचा वेग वाढवा, मग क्लच दाबून गिअर टाका. चढणीवर गाडी पटकन वेग गमावते, म्हणून हे सगळे गाडी धापा टाकू लागण्याच्या आधी करायचे.

सकाळ-दुपारचा फरक तेलाचा आहे. थंड जाड तेल शाफ्टला लगाम घालते, म्हणून सकाळी वरचा गिअर लवकर पडतो. दुपारी तेल पातळ झाले की शाफ्ट जास्त वेळ फिरत राहतो आणि तुम्ही सकाळच्याच सवयीने घाई करता. न्यूट्रलमधली वाट अर्ध्या सेकंदाने वाढवून पाहा. पेटीत नव्वद नंबर असेल तर एकशेचाळीस घातल्यावर हा फरक बराच कमी होईल.

क्लच नवा असला तरी पूर्ण सुटतो का, तेही पाहा. गाडी उभी, इंजिन मंद, क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि पहिला गिअर टाका. तरी कर्र आले तर क्लच ओढतो आहे. पेटीचा त्यात दोष नाही.

प्रश्न (मडगाव) : घराण्यातली फोर्ड मॉडेल टी दुरुस्त केली. हँडल मारून सुरू केली की गाडी पुढे सरकते. गिअरबॉक्समध्ये वेगळे कोणते तेल घालायचे?

वेगळे तेल घालायचे नाही, कारण वेगळी पेटी नाही. १९०८ ते १९२७ या काळातल्या या गाडीत इंजिन आणि दोन वेगांचा ग्रहमालिका गिअर (मधल्या चाकाभोवती छोटी चाके फिरतात तो) एकाच तेलात बुडालेले असतात. तेलाचा पंपही नाही. फ्लायव्हीलवरची चुंबके तेल उडवतात, त्यातले काही एका नळीवाटे पुढच्या टोकाला जाते. एकूण तेल साधारण ३.८ लिटर. फ्लायव्हीलच्या घरावर दोन छोट्या तोट्या असतात. सपाट जागी, इंजिन बंद असताना खालची उघडली तर तेल आले पाहिजे, वरचीतून येता कामा नये.

कोणी 'गिअर आहेत ना' म्हणून जाड तेल घातले असेल तर तेच गाडी सरकवते आहे. क्लचच्या पोलादी चकत्या तेलात असतात. जाड तेलाने त्या एकमेकींना चिकटून फिरतात आणि न्यूट्रलमध्येही चाकांना जोर पोचतो. १०डब्ल्यू-३० सारखे पातळ इंजिन तेल घाला. तरी सरकली तर हातातल्या लीव्हरशी जोडलेला क्लचचा स्क्रू पाहा. लीव्हर मागे ओढल्यावर तो स्क्रू क्लचला पुरता दाबत नसेल तर अर्ध्या फेऱ्याने आवळत जा.

या गिअरमध्ये वेग, रिव्हर्स आणि ब्रेक यांसाठी आवळले जाणारे पट्टे असतात. ते सुती अस्तराचे असतील तर त्यांचे तंतू तेलात सुटतात आणि वर सांगितलेली नळी बुजवतात. तेल दर हजार-बाराशे किलोमीटरला बदला, आणि झाकण उघडाल तेव्हा नळीत हवा मारा. लाकडी पट्टे बसवणार असाल तर आधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा, कोरडे बसवले तर जळतात. खालच्या वेगाचा पट्टा बाहेरूनच स्क्रूने आवळता येतो. रिव्हर्स आणि ब्रेक यांच्या पट्ट्यांसाठी वरचे दार काढावे लागते. नट आत पडू नये म्हणून भोवती फडके कोंबा.

विचारले नाहीत तरी सांगतो, कारण हा जिवाशी खेळ आहे. मागच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राउनच्या मागे त्याला बाजूने टेकू देणारे मूळचे थ्रस्ट वॉशर बॅबिट या मऊ मिश्रधातूचे होते. इतक्या वर्षांनी ते भुगा होतात. मग क्राउन बाजूला सरकतो, पिनिअनशी सुटतो, आणि पायातला ब्रेक गिअरबॉक्सवर काम करत असल्यामुळे उतारावर ब्रेकही जातो. अ‍ॅक्सल उघडून तिथे ब्राँझचे वॉशर बसवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.

प्रश्न (पेडणे) : आवाज बंद व्हावा म्हणून पूर्वी गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालत, असे ऐकले. आमच्याकडे एरंडेलही मुबलक आहे. दोन्ही चालेल?

भुसा गाडी विकणारे घालत, ठेवणारे नव्हे. तो तेल पिऊन फुगतो, दातांमध्ये उशीसारखा बसतो आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत आवाज दाबतो. पुढे बुशच्या भोकात तो जाऊन बसतो. जुनी गाडी विकत घेताना पेटी अस्वाभाविक शांत वाटली तर ड्रेन प्लग काढून बोटावर तेल घ्या.

एरंडेल हे जुन्या काळी उत्तम वंगण मानले जाई आणि शर्यतीच्या इंजिनांत चाले. पण उभ्या गाडीत ते हवेशी मिळून डिंकासारखे चिकटते, आणि साध्या खनिज तेलात ते धड मिसळत नाही. वर्षातून चार वेळा फिरणाऱ्या गाडीला ते नको.

प्रश्न (साखळी) : माझी गाडी टॉप गिअरमध्ये शांत चालते, बाकी सगळ्या गिअरांत घूंघूं आवाज करते. दोष आहे की असेच असते?

असेच असते. लेव्हासोरने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकत्या चाकांची जी पेटी रूढ केली, तिची चाके पहिल्यांदा उघडीच होती, धूळ खात फिरत, पुढे ती पेटीत बंद झाली. लुई रेनोने १८९९ मध्ये टॉप गिअरमध्ये वरचे दोन शाफ्ट, इंजिनाकडून येणारा आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा, सरळ एकमेकांत गुंतवले. त्यामुळे त्या एका गिअरात जोर दातांच्या चाकांमधून जातच नाही. बाकी गिअरांत तो दोन जोड्यांमधून जातो. समजा पहिली जोडी १८ आणि ३२ दातांची, दुसरी १५ आणि ३५ ची. मग गुणोत्तर ३२/१८ गुणिले ३५/१५, म्हणजे साधारण ४.१५. एवढा जोर सरळ दातांवर आला की ते गाणार. तिरक्या दातांची शांत चाके १९३० च्या सुमारास सर्रास आली.

एका सुरातला आवाज ठीक. त्यात ठराविक अंतराने 'टक' येत असेल तर एखादा दात तुटलेला आहे.

प्रश्न (वास्को) : अनमोड घाट उतरताना दुसरा गिअर आपोआप सटकतो. चढताना कधीच नाही. लीव्हर हाताने धरून बसावे लागते.

धरून बसू नका, त्याने गिअर सरकवणारा आतला फोर्क घासतो. उतरताना गाडीची चाके इंजिनाला फिरवतात, म्हणून जोर दातांच्या दुसऱ्या बाजूवर येतो. ती बाजू तिरकी झिजली असेल तर दात एकमेकांना बाहेर ढकलतात.

स्वस्तापासून सुरुवात करा. झाकणातल्या सिलेक्टरच्या गोळीची (गिअर जागेवर अडकवून ठेवणाऱ्या) स्प्रिंग मोडली किंवा बसली असेल तर दहा मिनिटांचे काम. मग गिअर टाकून पाहा, दात पूर्ण रुंदीने गुंततात का? दोनतृतीयांशच गुंतत असतील तर फोर्क वाकला आहे. ते ठीक असेल तर मेन शाफ्टचे (मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या वरच्या शाफ्टचे) पुढचे टोक वर-खाली हलवून बघा. ते इनपुट चाकाच्या पोटातल्या छोट्या बुशमध्ये टेकते आणि तिथे तेल सगळ्यात कमी पोचते. बुश झिजला की शाफ्ट कलतो आणि दात कितीही नवे घातले तरी वर्षभरात तिरके होतात. दात नवे, बुश जुना, अशी अर्धवट दुरुस्ती म्हणजे पैसे मांडवीत टाकणे. आणि शेवटी टोकाच्या झाकणाखालचे पॅकिंग मोजा.

प्रश्न (काणकोण) : पावसाळाभर गाडी बंद होती. पेटीतले तेल दुधाळ झाले आहे. मेस्त्रीकडे ओढून न्यायची म्हणतो.

दुधाळ म्हणजे पाणी मिसळले. आपल्या दमट हवेत पेटी रात्री थंड झाली की आत दव धरते, आणि गाडी हलवली नाही तर ते बाहेर जात नाही. गाडी एक रात्र स्थिर ठेवून सकाळी ड्रेन प्लग हळूच सैल करा. सुटे पाणी तळाशी असते, तेच आधी येईल. मग बाकीचे तेल काढा. मागची चाके जॅकवर घ्या, थोडे डिझेल घाला आणि गिअर टाकून चाके हाताने फिरवा. इंजिन सुरू करायचे नाही. डिझेल पूर्ण निथळू द्या, पातळ तेलाने एकदा विसळा, मग नवे भरा. झाकण उघडून वरच्या चाकांवर गंजाचे ठिपके आहेत का पाहा, कारण तेलाच्या वर राहिलेला भागच आधी गंजतो.

पुढच्या पावसाळ्यात पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करू नका, त्याने दव वाढते. अर्धा तास चालवा, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून. खालचा शाफ्ट फिरत राहतो आणि तेल सगळीकडे उडते.

ओढून नेताना न्यूट्रल पुरत नाही. चाकांमुळे मेन शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्याने खालचा शाफ्ट उभाच राहतो आणि तेल उडत नाही. वर सांगितलेला तो छोटा बुश कोरडा फिरतो. मागचा प्रॉपेलर शाफ्ट चार बोल्ट काढून सोडवा, तारेने बांधा आणि मग दोर लावा. बोल्ट डब्यात घालून डबा सीटखाली ठेवा.